बिनधुराची खोली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी आयुष्यभर इतक्यांदा आणि इतक्या जोरात सांगितलं आहे, की ऐकणाऱ्याला संशय यावा. संशय रास्त आहे. मी एक भूत पाहिलं आहे, तेही भरदुपारी, आणि पाहिल्याचं चार माणसांत कबूल केलं आहे. त्या कबुलीचं काय झालं ते कळायला मला सोळा वर्षं लागली.

आमचं घर भोंगवलीचं. मी शाळेत असताना घरानं धम्म घेतला, तेव्हा वडलांनी देव्हाऱ्यातलं सगळं एका पाटीत भरलं आणि ओढ्याला नेऊन सोडलं. परत येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "आता देव न्हाई आन् भूत बी न्हाई. भ्यायचंच झालं तर मान्साला भ्या." ते वाक्य मी पुढं पुण्याला नर्सिंग शिकताना आणि नंतर वेल्ह्याकडच्या उपकेंद्रात नेमणूक झाली तेव्हाही बरोबर नेलं होतं. बाकी सामानात एक पत्र्याची ट्रंक आणि स्पिरिटचा दिवा.

शिकताना आमच्या एक सिस्टर फार कडक होत्या. त्या म्हणायच्या, तुमच्याजवळ यंत्र नसेल आणि डॉक्टर दोन डोंगर पलीकडं असेल, तेव्हा क्रम सोडायचा नाही. आधी डोळ्याची खालची पापणी ओढायची, आत लाल आहे की पांढरं ते बघायचं. मग नखं. मग पायावर अंगठा दाबायचा, खळगा राहतो का बघायचा. मग लघवी काचेच्या नळीत तापवायची, साकळते का बघायची. आणि हे सगळं झालं की स्वतःला एकच प्रश्न: हिला आत्ता हलवायचं, उद्या हलवायचं, की हलवायचंच नाही? त्या एका उत्तरासाठीच बाकीची विद्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी कामाला चोख होते आणि जिभेला तिखट. वाडीतली काही घरं मला ओसरीच्या खाली उभं करून वरून ओंजळीत पाणी घालायची. बाळंतिणीच्या खोलीत मात्र मला कुणी अडवलं नाही. ती खोली त्यांच्या लेखी तशीही विटाळाची होती, तिथं मी चालत होते. मी ते ओळखून होते आणि आत शिरल्यावर त्याचा पुरेपूर वचपा काढायचे. तिथं माझंच राज्य असायचं.

त्या राज्यातला माझा पहिला हुकूम धुराबद्दलचा होता. तिकडचा पाऊस आमच्या भोंगवलीसारखा येऊन जात नाही, चार महिने मुक्कामाला असतो. बाळंतिणीला बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली लाकडं पेटवून शेक द्यायचा, ही रीत. ओली लाकडं, कोंदट खोली. पोरांचे डोळे लाल व्हायचे, आया खोकून खोकून हैराण. वाडीतली निम्मी माणसं रानातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबायची, भट्टीचा चुरा घरोघरी पडलेला असे. मी म्हटलं, लाकडं बंद करा. घमेल्यात कोळसा फुलवा. ऊब तेवढीच, आणि धुराचा त्रास नाही. बायका खूश झाल्या. माझ्या नोंदवहीत मी त्या महिन्यात मोठ्या झोकात लिहिलं, 'बाळंतिणीच्या खोलीत बिनधुराचा शेक सुरू केला.'

त्याच आषाढात वाडीतल्या एका घरची थोरली सून बाळंत झाली. मुलगी झाली, सुखरूप. ही सून मोठी हसरी होती. मी पापणीला हात लावला की तिला गुदगुल्या व्हायच्या, डोळा गच्च मिटून मान फिरवायची आणि म्हणायची, "बाई, डोळ्यात काय हुडकताय?" पापणी आतून पांढरीफटक होती. अंगात रक्त कमी. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली, थंडीवारा लागू देऊ नका असं बजावलं. पोर पिण्यापुरती तिच्याजवळ असे, एरवी सासू तिला चुलीपाशी मांडीवर घेऊन बसे.

सातव्या दिवशी गेले तर ती हसली नाही. डोकं जड आहे म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाई, दुपारच्याला कुनीतरी बाई उशाशी येऊन हुबी ऱ्हाती. बोलत न्हाई." ताप नव्हता, सूज नव्हती, लघवी स्वच्छ होती. अशक्तपणात माणसाला काहीबाही दिसतं, असं मी ठरवलं आणि गोळ्या वाढवल्या. हलवायचंच नाही, हे माझं उत्तर होतं.

नवव्या दिवशी दुपारी ती गेली. जेवून निजली ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा बायका तिच्याभोवती बसल्या होत्या आणि कुणी रडत नव्हतं. मेलेल्या बाईचे गाल गुलाबी होते. ओठ लाल. जिवंतपणी तिच्या तोंडावर तसा रंग मी एकदाही पाहिला नव्हता. एक म्हातारी तोंडावर पदर धरून पुटपुटली, "नवरीवानी दिसतीया." नोंदवहीत मृत्यूचं कारण म्हणून 'रक्तक्षय' लिहिलं. लिहिताना ते गाल आडवे येत होते, पण मी शब्द खोडला नाही.

दहाव्याच्या आत, ओल्या अंगानं मेलेली बाळंतीण अळवंतीण होते आणि आपल्या घरी परत येते, अशी तिकडची समजूत. घराच्या लोकांनी मसणवटीपासून दारापर्यंत मोहरी पसरली. उंबऱ्यात खिळा ठोकला. आणि त्याच घरची धाकटी सून श्रावणात, त्याच खोलीत बाळंत झाली, तेव्हा सासूनं त्या खोलीचा बंदोबस्तच केला. खिडकीला पोतं ठोकलं. कौलांखालच्या फटींत पेंढा कोंबला. दाराच्या खाली घोंगडीची वळकटी. उशाशी विळा, आणि बाजेखाली एकाच्या जागी दोन घमेली कोळसा. जाऊबाईला आत यायला सुईएवढी वाट राहू नये म्हणून. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, कारण वेडगळ आहे, पण खोली उबदार राहील.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटीचा नवरा उपकेंद्रावर आला. इरलं खांद्यावर तसंच, दारातच उभा. म्हणाला, "बाई, ती दिसाय लागली. देवरुषी म्हनतो, घर सोडा. आजच्या आज."

मी तिरमिरीत निघाले. पाऊस असा की ओढ्यावरून दोघांनी हात धरून मला पलीकडं काढलं. घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती, पण उजेड असा नव्हताच. सासू पडवीत बसली होती, मांडीवर थोरलीची पोर. मला बघून म्हणाली, "कोपऱ्यातली खुडूक कोंबडी बी गेली, बाई. अंड्यावर बसल्या जागी. मान टाकलीया निस्ती. आन् ह्या बयेला भायेर पडवीत आनली की बरी असती. आत न्हेली की जाऊ दिसती. म्हंजी ती आतच हाय का न्हाई, तुमीच सांगा."

तिनं मला सगळं सांगितलं होतं. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानांची चीड येते. ती अडाणी सासू रोगाचं वर्णन पुस्तकात असावं तसं करत होती, आणि मी त्यात फक्त भूत ऐकलं, कारण तेवढंच ऐकायला मी आले होते.

आत गेले. क्रम सोडला नाही. पापणी: बरी, थोरलीपेक्षा पुष्कळ लाल. नखं ठीक. पाय दाबले, खळगा नाही. दिवा लावून लघवी तापवली, साकळली नाही. ताप नाही. पण तिनं दोनदा ओकलं होतं, डोकं धरून बसली होती आणि बोलताना शब्द घसरत होते. बाळ झोपाळू, पाजायला घेतलं तर ओठ हलवीना. क्रमात बसणारं काहीच नव्हतं. मग प्रश्नाकडं वळले: हलवायचं का? ओढा फुगलेला, डोलीतून वेल्ह्याला न्यायचं तर वाटेतच काही व्हायचं. आणि घर सोडून जायचं कुठं, तर खालच्या रिकाम्या गोठ्यात, तिन्ही बाजूंनी वारं. पाच दिवसांचं पोर तिथं फुप्फुसं भरून मरेल, असं माझं गणित.

मी बाहेर येऊन सासूवर ओरडले. म्हटलं, कुणी कुठं जायचं नाही. भूतबीत काही नसतं. मी स्वतः आत बसते, येऊ दे तिला माझ्यासमोर. दार माझ्यामागं त्यांनी लावलं आणि घोंगडी परत खाली सरकवली.

खोलीत ऊब होती आणि बाहेर कौलांवर पाऊस. मी भिंतीला टेकून बसले. धाकटी डोळे मिटून पडली होती. बाजेखाली दोन घमेल्यांत निखारे शांत लाल होते, एक रेष धूर नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता हे नक्की आठवतं. कोपऱ्यात डालग्याखाली अंडी तशीच होती. थोड्या वेळानं कपाळात ठणका सुरू झाला. मग कानात पाणी वाहिल्यासारखा आवाज. मला वाटलं, भिजून आलेय, उपाशी आहे. बाजेवरून धाकटी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आल्या बगा."

मी मान वळवली. उशाशी थोरली उभी होती.

जशी गेली तशीच: डोक्यावर पदर, गाल गुलाबी, ओठ लाल. ती माझ्याकडं बघत होती. तिनं एक बोट उचललं आणि आपल्याच डोळ्याची खालची पापणी खाली ओढली, मी ओढायचे तशी. आतून पांढरीफटक. खाली ते लाल गाल. तशीच उभी राहिली, मी नीट बघावं म्हणून थांबल्यासारखी. वडील आठवले. ओढ्यात सोडलेली पाटी आठवली. मी भ्याले, आयुष्यात पुन्हा कधी भ्याले नाही इतकी भ्याले.

पण नजर त्या पापणीवरून हटत नव्हती, आणि सवय ही भीतीपेक्षा जुनी असते. जिच्या अंगात रक्त नाही तिचे गाल लाल कसे? रक्तक्षयानं मेलेली बाई पांढरी असते. मग ही कशानं मेली? ताप नाही, सूज नाही, लघवी स्वच्छ. आत आणली की आजारी, बाहेर नेली की बरी. कोंबडी बसल्या जागी मेली. कोंबडीला कुठली अळवंतीण धरते? आणि आता माझं डोकं. मी इथं धडधाकट येऊन बसले होते. माझ्यात आणि कोंबडीत आणि ह्या दोघी जावांत सारखं काय होतं, तर ही खोली.

उठायला गेले तर गुडघे माझे नव्हतेच. बाळाला छातीशी धरून मी जमिनीवरून सरपटत दारापर्यंत गेले, घोंगडी ओढून काढली आणि दारावर डोकं आपटलं. दार उघडलं. पडवीत गार, ओलं वारं तोंडावर आलं आणि मी तिथंच ओकले.

सासू, धाकटीचा नवरा, शेजारचे दोघं, सगळे माझ्याकडं बघत होते. धाकटी अजून आत होती. मला त्यांना सांगायचं होतं, पण काय सांगायचं? हवेत काहीतरी आहे, दिसत नाही, वास नाही, धूर नाही? एवढं समजवायला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे मलाच ते धड कळलं नव्हतं. सासूनं विचारलं, "दिसली का?"

"व्हय," मी म्हणाले. पुण्याची भाषा गळून पडली होती. "म्या बगितली. उशाशीच हुबी हाय. देवरुषी बराबर बोलला. घर सोडा, आत्ताच्या आत्ता, बाजेसकट उचला तिला."

अर्ध्या घटकेत धाकटी गोठ्यात होती, घोंगडीत गुंडाळलेली, तिन्ही बाजूंनी वारं. मी कोळसा आणू दिला नाही, मी आणि सासू, दोघींच्या अंगाचीच ऊब पुरवली. दिवस मावळायच्या आत तिचं डोकं उतरलं. तिनं चहा मागितला. आणि बाळानं तोंड उघडून शोधाशोध केली, पदराखाली घेतल्यावर चुरूचुरू प्यायला लागलं. मी एका गोणपाटावर बसून रडले. सासूला वाटलं, बाई अजून भ्यालेली आहे.

पाण्याला उतार पडल्यावर वेल्ह्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, भुतासकट. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "खोलीत काय जळत होतं?" मी म्हटलं, कोळसा, अजिबात धूर नव्हता. "तेच तर," ते म्हणाले. "कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. तो रक्तात भिनला की मेलेल्या माणसाचाही रंग लाल दिसतो. धूर असता तर डोळे चुरचुरले असते आणि कुणीतरी दार उघडलं असतं." मग पेन उचलून विचारलं, "कोळसा वापरायला कुणी सांगितलं त्यांना?" मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि काही लिहिलं नाही.

वाडीत जाऊन मी खरं ते सांगितलं. घरोघर सांगितलं. बायका ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "पर बाई, तुमी तर सोता बगितली." दोन घरांत गरोदर बायका होत्या आणि कोपऱ्यात कोळशाचे ढीग. तेव्हा मी दुसरं खोटं बोलले: त्या अळवंतिणीला कोळशाचीच ऊब आवडते, लाकडाचा धूर तिला सोसत नाही, आणि दार उघडं असलं की ती थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एकाही बाळंतिणीच्या खोलीत कोळसा उरला नाही. देवरुषीही ते स्वतःचंच असल्यासारखं सांगू लागला. धूर परत आला, पोरं परत खोकू लागली, आणि मी तिथं होते तोवर त्या तऱ्हेनं कुणी मेलं नाही. ते घर मात्र माणसांनी कायमचं सोडलं. नोंदवहीतला 'रक्तक्षय' मी खोडला नाही. वडलांना यातलं अक्षर सांगितलं नाही.

पुढं बदल्या झाल्या. सोळा वर्षांनंतरची गोष्ट. भोरच्या एसटी स्टँडवर मी शिवऱ्याच्या गाडीची वाट बघत होते, दुपारची वेळ. कापडी पिशवी घेतलेली एक मुलगी बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग जवळ आली.

"तुमी त्या नर्सबाई ना? आज्जीनं मागं एकदा लांबनं दावल्या हुत्या. माजी आई तुमी बगितली हुती."

मला वाटलं, जिवंतपणी पाहिली होती असं म्हणते आहे. मी म्हटलं, हो, तुझ्या जन्माला मीच होते. तिनं मान हलवली.

"तवा न्हाई. गेल्यावर. तुमाला दिसली ती." आणि मग सगळं एका दमात सांगितलं. ते घर पडलंय, पण उंबरा अजून आहे. ती लहानपणापासून तिथं जाते. आजीची नजर चुकवून भाकरीचा तुकडा ठेवते. पाचवीत पहिली आली ते तिथं बसून सांगितलं. भोरला शिकायला निघाली तेव्हाही आधी तिथं जाऊन आली. "मला कदी दिसली न्हाई. तुमालाच दिसली. म्हनून इचारते."

मी तिला बाकावर बसवलं. गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. मी तिला कोळशाचं सांगितलं. बंद खोलीचं सांगितलं. कोळसा मी सांगितला होता, हेही सांगितलं. तुझी आई अळवंतीण झाली नाही, मी पाहिलं ते माझ्या विष चढलेल्या डोक्यातलं होतं, आणि घर रिकामं व्हावं म्हणून मी ते चारचौघांत खरं केलं. सोळा वर्षं मी हे कुणाला इतकं नीट सांगितलं नव्हतं. सांगताना मला एवढंच वाटत होतं की आता ही मला शिव्या देईल, आणि द्याव्यात.

तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "म्हंजी तितं कुनीच न्हाई?"

"नाही."

"कदीच नव्हतं?"

"नाही, बाळा."

तिच्या आईला मी एकदा मारलं होतं, ते नकळत. आता दुसऱ्यांदा, आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवून. शिवऱ्याची गाडी लागली, मी उठले नाही.

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्ये. पर जित्ती असताना तर बगितली ना तुमी? आमच्यात तिचा फोटू न्हाई. दिसाय कशी हुती त्येवडं सांगा."

मी डोळे मिटले. लाल गाल आठवले, लाल ओठ आठवले, ते तर तिचे नव्हतेच. नाक कसं होतं? कपाळ? काही येईना. मी त्या बाईकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं, फक्त तपासलं होतं. मला तिची तेवढी पापणी आठवत होती.

मग हातानं त्याला माहीत होतं तेच केलं. मी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. तिला गुदगुल्या झाल्या. तिनं डोळा गच्च मिटला, मान फिरवली, आणि रडायच्या बेतात असलेली ती पोर हसली.

"अशी," मी म्हटलं. "बघ, अश्शी होती."